रिकाम्या रंगमंचावर हरकत

"मॅडम, ह्या दहा हजारांतले मेलेले किती?"

प्रश्न खरं तर शाल्मलीचा नव्हता. विनाचालक बसच्या शेवटच्या बाकावर नाझनीन आणि ओवी ह्या दोघींनी तो शिजवला होता आणि "दम असेल तर विचार" म्हणून तिच्या गळ्यात बांधला होता. पैजेवर आठवडाभर ओवीच्या डब्यातली थालीपिठं लागली होती. तीन महिन्यांपूर्वीची शाल्मली मगदूम असती तर वहीत तोंड खुपसून बसली असती. पण मधल्या काळात तिने आयुष्यातलं पहिलं नाटक लिहिलं होतं, अकरा दिवसांपूर्वी तिला सोळा वर्षं पूर्ण झाली होती, आणि हल्ली स्वतःचा आवाज ऐकायला तिची तिलाच भारी मजा यायची. त्यामुळे तिने हात वर केला, उभी राहिली आणि अख्ख्या प्रयोगशाळेला ऐकू जाईल असं विचारलं.

कोळेकर सरांनी डोळे वटारले. सांगलीच्या त्यांच्या शाळेची सहल कृष्णेच्या पलीकडे, सांगलवाडीच्या बाजूला असलेल्या कलापरीक्षण प्रयोगशाळेत आली होती, आणि 'शिस्तीत वागा, वर मान करून प्रश्न विचारू नका' असं त्यांनी बसमध्ये तीनदा बजावलं होतं.

पण प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. उत्तरा चौगुले चिडल्या नाहीत. चष्मा काढून त्या शाल्मलीकडे बघतच राहिल्या.

"बारा वर्षं मी हे यंत्र चालवतेय," त्या म्हणाल्या. "मंत्री येऊन गेले, न्यायमूर्ती येऊन गेले. हे कुणी विचारलं नाही." त्यांनी मागे वळून यंत्रालाच विचारलं. भिंतभर पडद्यावर आकडा उमटला.

दोन हजार एकशे चौदा.

"म्हणजे मेलेल्या माणसांच्यासुद्धा भावना दुखावतात?" ओवी पचकली. वर्ग खो खो हसला. कोळेकर सरसुद्धा हसले, मग त्यांना आठवलं की आपण सर आहोत.

"दुखावतात," डॉ. चौगुले शांतपणे म्हणाल्या. "रोज दुखावतात. कारण इथे माणसं नाहीतच. इथे त्यांच्या मनछाया आहेत."

मग त्यांनी सगळं नीट उलगडून सांगितलं. जिल्ह्यात गेल्या तीस वर्षांत ज्यांनी ज्यांनी एखाद्या नाटकाविरुद्ध, चित्राविरुद्ध, कवितेविरुद्ध जाहीर हरकत घेतली, त्यांची ती हरकत आणि त्या काळात त्यांनी रागारागाने लिहिलेलं सगळं यंत्राला दिलं गेलं. त्यातून यंत्राने प्रत्येक माणसाच्या मनाची एक नक्कल बनवली. ती मनछाया. नवं नाटक आलं की रोषमापक, म्हणजे हेच यंत्र, ते दहा हजार मनछायांना वाचायला देतो आणि प्रत्येकीची चीड शून्य ते शंभरात मोजतो. तो रोषांक. एकीचीही चीड सत्तरच्या वर गेली की निकाल लाल.

"एकीचीही?" शाल्मलीने विचारलं. पैज केव्हाच जिंकून झाली होती, पण तिला आता बसवत नव्हतं. "दहा हजारांतल्या एकीचीही?"

"'कुणाचंही मन दुखावता कामा नये' असं कायद्यात लिहिलंय, बाळ. 'बहुतेकांचं' असं लिहिलेलं नाही. आणि सगळ्या बाजूंनी हात वर करून तो मंजूर केलाय. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे लोक त्या दिवशी एका बाकावर बसले होते."

"पण छाया बरोबर सांगते कशावरून?"

"त्या दिवशीचा तो माणूस समोर असेल, तर शंभरातून सत्त्याण्णव वेळा बरोबर."

"त्या दिवशीचा म्हणजे?"

डॉ. चौगुल्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "हीच तर मेख आहे. राग आला की माणूस लिहितो. राग गेला की चहा पितो. चहा प्यायल्याची नोंद आमच्याकडे येत नाही."

"म्हणजे हे सगळे कायम चिडलेलेच?"

"कायम."

शाल्मली पडद्याच्या दिशेने आणखी एक पाऊल पुढे सरकली. कारण तिच्या नाटकाचा निकाल सोमवारी लागला होता. लाल.

नाटकाचं नाव 'कावळ्यांचा संप'. सांगलीचे कावळे एके सकाळी ठरवतात, आजपासून कुणाच्याही दहाव्याच्या पिंडाला शिवायचं नाही. लोक हात जोडतात, पिंडावर वडा ठेवतात, बासुंदी ठेवतात. कावळे तारेवर ढिम्म. शेवटी त्यांची म्होरकी सांगते, "आजोबा जिवंत होते तेव्हा त्यांना कुणी जेवलात का म्हणून विचारलं? आम्ही खिडकीतून बघत होतो. आता आमच्याकडून पोचपावती मागता?" बस, एवढंच. चाळीस मिनिटांचं नाटक, सात कावळे, आणि शाल्मली स्वतः म्होरकी. सराव करताना नाझनीनची अम्मी शेवटी रडली होती. आणि निकालाच्या कागदावर कारण काय? काहीच नाही. एक लाल ठिपका.

"माझं नाटक कुणी अडवलं ते बघायला मिळेल?"

"नावं गुप्त असतात. हरकतीचा मजकूर बघता येतो, लेखिकेचा तो हक्क आहे. कुणी मागतच नाही." डॉ. चौगुल्यांनी पडद्यावर नाटकाचं नाव शोधलं. "नऊ हजार नऊशे अठ्ठ्याण्णव छायांना काही वाटलं नाही. दोघींना वाटलं. क्रमांक चव्वेचाळीसशे सतरा आणि अठरा."

पडद्यावर पहिला मजकूर आला.

'मी काही उठसूट भांडणारा माणूस नाही, पण पिंडाची चेष्टा करून टाळ्या मिळवणाऱ्यांना एकदाच सांगतो, आमची श्रद्धा म्हणजे पोरांचं खेळणं नव्हे. ह्या लेखिकेला यापुढे कुठलाही रंगमंच मिळता कामा नये.'

मग दुसरा.

'काळा रंग आणि उष्टं अन्न ह्यांची सांगड घालताना कोणाकडे बोट दाखवलं आहे, हे न कळण्याइतके आम्ही भाबडे नाही. अशा लेखिकेवर बहिष्कार घालणं हे प्रत्येक विचारी माणसाचं कर्तव्य आहे. हे मी अत्यंत शांतपणे सांगते आहे.'

वर्गात कुणीतरी हसलं. शाल्मली हसली नाही. तिने दोन्ही मजकूर पुन्हा वाचले.

'हे मी अत्यंत शांतपणे सांगते आहे.' घरात आईच्या तोंडून हे वाक्य आलं की बाबा आपलं ताट उचलून गॅलरीत जातात. आणि 'मी काही उठसूट भांडणारा माणूस नाही, पण' हे दूधवाल्याने, सोसायटीच्या सेक्रेटरीने, गल्लीतल्या कुत्र्यांनीसुद्धा इतक्यांदा ऐकलंय की बाबांनी 'मी काही' म्हटलं की कुत्री पांगतात.

"मॅडम," तिने विचारलं. "ह्या दोघी... ह्या छाया कधीच्या?"

"एकाच दिवशीच्या. एकोणीस वर्षांपूर्वी, एप्रिल. एकाच नाटकाविरुद्ध, दोन विरुद्ध बाजूंनी." डॉ. चौगुल्यांनी नोंद वाचली. "नाटक, 'उरलेलं कापड'. लेखिका आणि दिग्दर्शिका, कुमुद बेडगकर."

नाझनीनने शाल्मलीचा हात गच्च धरला. कुमुद बेडगकर म्हणजे कुमुदताई. गावभागात नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्या कुमुदताई. त्यांच्याकडेच तर सात जोड काळे पंख शिवायला टाकले होते.

---

मगदूमांच्या घरी एक गोष्ट दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला सांगितली जायची. थिएटरला दोन फाटकं. एका फाटकावर श्रद्धा संरक्षण मंच, त्यात विद्याधर मगदूम, वीज खात्यात नवीनच लागलेला इंजिनियर. दुसऱ्या फाटकावर समता वाचक गट, त्यात सीमंतिनी, एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. दोघांना एकच नाटक बंद पाडायचं होतं, फक्त कारणं उलटी. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. घोषणा देऊन देऊन सीमंतिनीचा घसा बसला. तेवढ्यात कुणीतरी गार पाण्याची कळशी आणून ठेवली, आणि विद्याधरने पेला भरून शत्रुपक्षाला नेऊन दिला. "एक फालतू नाटक बंद पाडायला गेलो," बाबा शेवटी हात पसरून म्हणायचे, "आणि लग्न जमवून आलो!" पाहुणे हसायचे. शाल्मली तर सगळ्यात मोठ्याने हसायची. तिला ती गोष्ट पाठ होती.

सहलीवरून परतल्यावर तिघी तडक कुमुदताईंच्या दुकानात गेल्या. ताई शिलाई यंत्रापाशी बसल्या होत्या, मांडीवर काळ्या कापडाचा ढीग. भिंतीला राजांचे अंगरखे, पोलिसांच्या टोप्या, खोट्या दाढ्या, आणि सगळ्यावर मुलायम धूळ. भाड्याने न्यायला येणारं होतंच कोण? नाट्यगृहात गेली सहा वर्षं एकच खेळ चालला होता, 'प्रकाशलहरी'. चाळीस मिनिटं रंगीत उजेड आणि बासरी. रोषांक शून्य. आधी लोक निदान भडंग खात बघायचे, मग त्या कुरकुरीवर कुणीतरी हरकत घेतली आणि भडंगही बंद झालं.

"ताई, तुम्ही नाटक लिहिलं होतंत?"

यंत्राचं चाक थांबलं. "कुणी सांगितलं तुला?"

"मशीनने."

"त्याला बरी आठवण आहे. माणसांना नाही." ताईंनी दोरा तोडला. "होतं एक. शिलाईवाली बाई. सगळ्या पक्षांचे झेंडे तीच शिवते. भगवे, निळे, लाल, हिरवे, एकाच मशीनवर. निवडणूक संपते आणि उरलेल्या तुकड्यांची ती नातवाला दुपटी शिवते. झालं नाटक."

"ह्यात चिडण्यासारखं काय आहे?" ओवी म्हणाली.

"एक गट म्हणाला, आमचा झेंडा पोराच्या मुताखाली घातला. दुसरा म्हणाला, कष्टकरी बाईला कुठलीच भूमिका नाही असं दाखवून तिचा अपमान केला. पहिल्याच प्रयोगाला दोन्ही फाटकं अडवली. आत तेहतीस माणसं बसली होती. ती मागच्या दारानं घालवली." ताई हसल्या, पण ते हसणं डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "त्यानंतर भाजीवालीसुद्धा विचारायची, ताई, तुम्ही नेमक्या कुठल्या बाजूच्या? नट बोलावूनसुद्धा येईनात. माझ्याशेजारी उभं राहिलं की त्यांच्यावरही बहिष्कार, म्हणून. चौतिसाव्या वर्षी वही बंद केली आणि मापाची टेप गळ्यात घातली."

"राग नाही आला?"

"आला की. लई आला. पण रागाचं काय करायचं गं? शिवण घातली."

शाल्मलीला ते सहन होईना. तिने सांगून टाकलं. सतरा, अठरा, दोन फाटकं, आई, बाबा. सांगताना तिचा आवाज चिरकला आणि तिला स्वतःचाच राग आला. ताईंनी सुई कापडात टोचून ठेवली.

"घसा बसलेली ती पोरगी तुझी आई होय?" त्या म्हणाल्या. "आठवते. आतनं बघत होते मी. म्हटलं, चक्कर येऊन पडंल बाई. मीच कळशी पाठवली होती."

ओवीने हातातली खोटी दाढी परत खिळ्याला अडकवली.

"बास!" नाझनीन उसळली. "शालू, सरळ तुझ्या आईबाबांवरच हरकत टाक. तू सोळाची झालीस, तुला हक्क आहे. 'ह्या दोघांनी एका कलावंताचं आयुष्य संपवलं' म्हणून लिही. आईची कॉलेजातली नोकरी एका दिवसात जाईल. मग कळू दे!"

खोटं कशाला बोला, शाल्मलीने हातपटाचा पडदा उजळवला. अर्जाचे रकाने समोर आले. 'कोणामुळे किंवा कोणत्या कलाकृतीमुळे दुखावलात?' 'चिडीचं स्वरूप.' 'कलाकृती स्वतः पाहिली आहे काय? (ऐच्छिक)'. ऐच्छिक! तो शब्द वाचून तिचं डोकं आणखीच तापलं. तिने आईचं नाव लिहिलं, मग बाबांचं. बोटं भराभर चालत होती, आणि खरं सांगायचं तर बरं वाटत होतं, अगदी खाजेवर नख फिरवल्यासारखं बरं.

"आणि मग तुझीही छाया होणार का तिथं?" ताईंनी सहज विचारलं.

"हो. माझा क्रमांक पडणार."

"म्हणजे आणखी वीस वर्षांनी कुणाची तरी लेक नाटक लिहील, त्यात आईबापाबद्दल दोन बरे शब्द असतील, आणि तुझी छाया म्हणेल, लाल."

शाल्मलीचं बोट थबकलं. तिने दोन्ही नावं खोडली. राग मात्र खोडला गेला नाही. तो तिथेच होता, तसाच्या तसा, फक्त त्याला आता जायला जागा नव्हती.

"एवढी माणसं चिडली त्या दिवशी," ताईंनी पुन्हा कापड यंत्राच्या सुईखाली सरकवलं. "दुसऱ्या दिवशी मी कुलूप लावायला गेले. थेटर रिकामं. खुर्च्या, पडदा, सगळं जागच्या जागी. रिकाम्या थेटराची मात्र कुणी तक्रार केली नाही बघ."

शाल्मली एकदम ताठ झाली.

"ताई," ती म्हणाली, "परत म्हणा."

---

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्या सुटल्या ती एकटीच सायकलने पूल ओलांडून प्रयोगशाळेत पोचली. डॉ. चौगुले डबा खात होत्या. शाल्मलीने बसायचीही वाट बघितली नाही.

"मॅडम, यंत्र नाटकाला लाल म्हणतं, मग काय होतं?"

"प्रयोग होत नाही. रंगमंच रिकामा राहतो."

"आणि त्या रिकाम्या रंगमंचाचा रोषांक कुणी मोजतं का?"

डॉ. चौगुल्यांचा घास हातातच राहिला. "मोजतं. दर वेळी मोजतं. नकार हाही निर्णयच आहे, त्यानेही कुणी दुखावू शकतं, असं मी समितीत भांडले होते. म्हणून यंत्र दोन्ही पर्याय तपासतं, नाटक झालं तर आणि नाही झालं तर. पण दुसऱ्याचा रोषांक बारा वर्षं शून्य येतोय."

"कारण नाटक न झाल्याची हरकत कुणी घेतलीच नाही! ज्यांना वाईट वाटलं त्यांनी शिवण घातली. त्यांची छायाच नाही आत."

"बरोबर आहे. आम्ही सगळ्यांची मनं मोजतो असं आम्हाला वाटतं. मोजतो फक्त ओरडणाऱ्यांची." त्या सावकाश म्हणाल्या, आणि हे त्यांना आजच कळलं असं अजिबात वाटलं नाही.

"मग मी ओरडते. रिकाम्या रंगमंचावर माझी हरकत. माझी चीड सत्तरच्या वर जाईल का?"

"तुझ्याकडे बघून तर नव्वदच्या वर वाटतेय."

"एक छाया सत्तरच्या वर गेली की लाल. म्हणजे नाटक लाल आणि नाटक न होणंही लाल. मग?"

डॉ. चौगुल्यांनी डबा बाजूला सारला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू उजळत गेलं, जणू बारा वर्षं बंद असलेल्या खोलीचा दिवा कुणी लावला होता.

"नियम आठ," त्या पुटपुटल्या. "दोन्ही पर्याय लाल आले तर यंत्राने निर्णय द्यायचा नाही. हरकतदारांना नोटीस पाठवून प्रत्यक्ष बोलवायचं. त्यांनी नाटक सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून बघायचं आणि मग हरकत कायम आहे की नाही ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं. जो येणार नाही त्याची हरकत बाद. मी तो नियम लिहिला तेव्हा समितीतले लोक हसले होते. म्हणाले, ही वेळ येणारच नाही."

"जो येणार नाही त्याची बाद? मग मेलेले?"

"दोन हजार एकशे चौदा," डॉ. चौगुले म्हणाल्या, आणि दोघींनाही एकदम हसू फुटलं.

पण मग त्या गंभीर झाल्या. त्यांनी शाल्मलीला समोर बसवलं. "नीट ऐक. हरकत मागे घेता येत नाही, तसा रकाना नाही. तुझी छाया झाली की झाली. उद्या तू निवळशील, तुझी मतं बदलतील, कदाचित एखादं नाटक तुलाच बंद पडावंसं वाटेल. तरीही आतली ही मुलगी निवळणार नाही. आणि अर्जावर तुझं नाव जाहीर होईल. दोन्ही फाटकांवरचे लोक तुला शिव्या घालतील. एकाच वेळी."

"आणि ती आत असेल तोवर प्रत्येक लाल नाटकाचं हेच होणार?"

"प्रत्येक नाटकाचं. कुणाचंही असो, कुठल्याही बाजूचं. तुला स्वतःला न पटणाऱ्या नाटकाचंसुद्धा."

हे शाल्मलीच्या लक्षात आलं नव्हतं. तिला मुळीच न आवडणाऱ्या तीन-चार गोष्टी तिच्या डोळ्यांसमोरून गेल्या, आणि त्या रंगमंचावर आलेल्या कल्पनेने तिच्या कपाळाला आठी पडली. मग तिला तेहतीस माणसं दिसली, मागच्या दाराने बाहेर पडणारी.

"सुद्धा," ती म्हणाली.

"आज नको. घरी जा. उद्या दहा वाजताही तुला हेच वाटत असेल, तर ये."

---

संध्याकाळी टेबलावर वांग्याचं भरीत होतं. आई तव्यावरून गरम भाकरी वाढत होती आणि बाबा खुशीत होते. त्यांनी सोसायटीतल्या झाडून सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की आमची शालू लेखिका झाली, शनिवारी शाळेच्या स्पर्धेत तिचं नाटक आहे, यायचं बरं का! लाल ठिपक्याचं शाल्मलीने घरी सांगितलंच नव्हतं.

"बाबा, ज्या नाटकामुळे तुमचं लग्न जमलं, त्याचं नाव काय?"

बाबांनी भाकरी मोडता मोडता छताकडे बघितलं. "अगं ते... फडकं-बिडकं काहीतरी होतं. काय गं सीमा?"

"'ध्वज'," आई म्हणाली. "नाही, 'पताका' असेल. एकोणीस वर्षं झाली, कोण लक्षात ठेवतंय?"

"कशाबद्दल होतं?"

"धर्माची टिंगल होती."

"छे, कष्टकऱ्यांची होती."

"तुम्ही बघितलं होतंत?"

"बघणार कसं?" बाबा हसले. "बंदच पाडलं ना!"

एरवी इथे शाल्मली हसायची. आज बाबांचं हसू एकटंच टेबलावर पडून राहिलं.

"त्याचं नाव 'उरलेलं कापड'," ती म्हणाली. "कुमुदताईंचं होतं. तुमच्यानंतर त्यांनी एक ओळ लिहिली नाही. आणि आई, तू ज्या कळशीतलं पाणी प्यालीस ना, ती त्यांनी आतून पाठवली होती. तू पडशील म्हणून."

आईची भाकरी तव्यावरच राहिली.

मग शाल्मलीने सगळं सांगितलं. लाल ठिपका, दोन छाया, दोन मजकूर. मजकूर तिला तोंडपाठ झाले होते. बाबांचा तिने बाबांच्या आवाजात म्हणून दाखवला, अगदी 'मी काही उठसूट'पासून. 'ह्या लेखिकेला यापुढे कुठलाही रंगमंच मिळता कामा नये' इथपर्यंत येताना बाबांनी डोळे मिटून घेतले.

"मी?" ते म्हणाले. "तुझ्याबद्दल? अगं, मी तर सगळ्या सोसायटीला..."

"शालू, तो काळच तसा होता," आई पुढे आली. "मी आज असं लिहीन का? गेल्या वर्षी माझ्या पोरांनी माझाच तास बंद पाडला एका कवितेवरून, तेव्हा मला कळलं ते कसं वाटतं. मी बदलले गं."

"मला माहितीय आई. मशीनला माहीत नाही."

"मग आम्ही उद्याच जातो," बाबा उठलेच. "लिहून देतो. माफी मागतो, काय हवं ते."

"तसा रकाना नाही बाबा. तुम्ही चिडलात एवढंच त्यांना कळतं. तुम्ही नंतर चहा प्यायलात, लग्न केलंत, मला शाळेत घातलंत, माझ्या नाटकासाठी लोकांना आमंत्रणं देत सुटलात, ह्यातलं काहीच त्यांना कळत नाही. तिकडे तुम्ही अजून उन्हात उभे आहात. दोघंही. आणि तिकडून माझ्यावर ओरडताय."

खोलीत करपलेल्या भाकरीचा वास भरला. आईने गॅस बंद केला आणि ती तशीच, पाठमोरी उभी राहिली. शाल्मलीला वाटलं, आता आपल्याला रडू येणार. आलं नाही. त्याऐवजी ती खुर्ची मागे ढकलून उभी राहिली, जशी कावळ्यांची म्होरकी तारेवर उभी राहते, छाती पुढे काढून.

"तुम्हाला विचारत नाहीये, सांगतेय," ती म्हणाली. "उद्या सकाळी दहा वाजता मी हरकत नोंदवणार आहे. तुमच्यावर नाही. रिकाम्या रंगमंचावर. मग यंत्राला माझं नाटक अडवता येणार नाही, मेलेल्यांना येता येणार नाही, आणि तुम्हा दोघांना नोटीस येईल. शनिवारी अकरा वाजता, पहिली रांग. शेजारच्या खुर्चीवर कुमुदताई असतील. मध्ये उठायचं नाही. संपल्यावर जे वाटेल ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं, माझ्यासमोर, त्यांच्यासमोर. लाल म्हणालात तरी चालेल. पण बघून म्हणा!"

"शालू, ते मागे घेता येणार नाही," आई वळली. तिचे डोळे लाल झाले होते. "जन्मभराचा शिक्का बसेल तुझ्यावर."

"बसू दे. मी मोठी होईन आई. तुमच्यासारखी निवळेन, विसरेन, मलाही नावं आठवायची नाहीत. पण ती नाही विसरणार. ती तिथे सोळाचीच राहील, तुमच्या दोघांच्या शेजारी, आणि दिसला रिकामा रंगमंच की बोंब मारील. तुमच्या विरुद्ध, त्यांच्या विरुद्ध, वेळ आली तर माझ्यासुद्धा विरुद्ध."

तिने बाबांचं ताट उचलून त्यांच्या हातात दिलं, कारण पुढचं वाक्य सुरू झालं की ते ताट घेऊन गॅलरीत जाणार, हे तिला पाठ होतं.

"आणि हे मी," ती म्हणाली, "अजिबात शांतपणे सांगत नाहीये."